अरीनाच्या दारातले साडेतीनशे जोड

साहेब, चूक तुमची आहे. नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुमची बदली होते आणि नव्या साहेबांना जुन्या साहेबांचं काहीच ठाऊक नसतं. पण शहराच्या ऐन मध्यावर हा एवढा थोरला अरीना उभा केला तो तुम्हीच, आणि त्याच्या दारावर बावीस पाट्या लावल्या त्याही तुम्हीच. थुंकू नये, ड्रोन आणू नये, ढोल वाजवू नये, कुत्रं आणू नये. चपलांचं काय करायचं याची मात्र एकही पाटी नाही. आणि हे पुण्यात, जिथे दारावरची बेल किती वाजता दाबू नये हेही माणसं रंगवून लावतात! मग हडपसरच्या रतन ओव्हाळांनी तो प्रश्न स्वतःच्या अकलेने सोडवला, तर दोष त्यांचा कसा?

रतनराव तेहतीस वर्षं एका कारखान्यात लेथवर उभे होते. मागच्या वर्षी निवृत्त झाले. त्यांची चैताली बॅडमिंटन खेळते. आजवर दोनदा राज्य स्पर्धेच्या फायनलला गेली, एकदा नागपूरला आणि एकदा रत्नागिरीला. दोन्ही वेळा हिला फायनल आणि ह्यांना सेकंड शिफ्ट. दोन्ही वेळा ती हरली. यंदाची फायनल मात्र घरच्या शहरात, तीही या नव्या कोऱ्या अरीनात. सकाळी किट खांद्यावर टाकताना पोरगी एवढंच म्हणाली, "बाबा, शेवटचा पॉइंट बघा हं. मधले नाही बघितलेत तरी चालेल."

"सगळेच बघणार," रतनराव म्हणाले. "आता मला कोण उठवतंय?"

बसमध्ये शर्मिलाताई म्हणाल्या, "अहो, तिथे गेल्यावर जरा विचारत जा. नवीन जागा आहे." शर्मिलाताई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स आहेत, आणि विचारल्याशिवाय सुई टोचायची नाही हा त्यांचा नियम घरीही लागू असतो.

"बॅडमिंटन हॉलमध्ये कसं वागायचं ते तू मला शिकव," रतनराव म्हणाले. "बारा वर्षं हॉलच्या पायरीवर काढलीत मी."

हे खरं होतं. हडपसरच्या हॉलमध्ये माऊली नावाचे राखणदार होते. लाकडी कोर्टावर बाहेरची धूळ गेली की लाकूड मरतं, असं त्यांचं म्हणणं. पालक असो, कोच असो, नगरसेवक असो, चपला दाराबाहेर. एका नगरसेवकाने ऐकलं नाही, तर माऊलींनी त्याचे बूट तो आत असताना रस्त्यापलीकडच्या रसवंतीत नेऊन ठेवले होते. त्या बारा वर्षांत रतनरावांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: जिथे लाकडी कोर्ट, तिथे अनवाणी.

अरीना समोर आला आणि रतनराव रस्त्यातच थांबले. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, त्यांना ऐकूही गेला नाही. काच, नुसती काच, पाच मजले उंच. काचेत अख्खं आभाळ उतरलेलं. छप्पर असं, की एखादं महाकाय पाखरू अंडी उबवायला बसलं असावं. कारखान्यात मायक्रॉनचा हिशेब करणारा माणूस तो, काचेच्या सांध्यांवरून त्याने नजर फिरवली आणि हळूच म्हणाला, "अगं, फट नाही. कुठे फट नाही."

दार जवळ जाताच आपोआप सरकलं. आतली फरशी पाण्यासारखी. खाली पाहिलं तर रतनराव स्वतःलाच उलटे दिसले, पॅन्टच्या शिवणीसकट. त्या फरशीवर कोल्हापुरी टेकवायला त्यांचा पाय धजेना. ते दारातच थांबले, वाकले, चपला काढल्या आणि भिंतीकडे टाचा करून नीट ठेवल्या.

"हे काय?" शर्मिलाताईंचा आवाज चढला. "आजोबांनी पाटलाच्या दारावरून जाताना चपला हातात घेतल्या नाहीत, म्हणून तुमच्या घराला गाव सोडावं लागलं. आणि तुम्ही इथे कोणी न सांगता काढताय?"

"ते माणसापुढे होतं," रतनराव म्हणाले. "हे लाकडापुढे आहे. काढ."

शर्मिलाताईंनी क्षणभर विचार केला. उत्तर त्यांना पटलं. त्यांनीही काढल्या.

मागे सदाशिव पेठेतले एक काका-काकू उभे होते. अर्धं पुणं त्या दिवशी खेळ बघायला नव्हे, इमारत बघायला आलं होतं. प्रवेश फुकट होता, हे पेठेला आधी कळलं.

"काढायच्या का?" काकांनी विचारलं.

"लाकडी कोर्ट आहे," रतनराव म्हणाले.

काकांचा चेहरा उजळला. "बघा. या शहरात कोणीतरी एक शहाणा नियम केला." त्यांनी बूट काढले, आणि एवढ्यावर थांबले तर ते सदाशिव पेठेतले कसले. पुढची दहा मिनिटं ते तिथेच उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिस्त लावत होते. "जोड वेगळे करू नका. अहो, सॅन्डलवर सॅन्डल ठेवू नका, घरी असंच करता का? लहान मुलांच्या उजवीकडे." बघता बघता रांग भिंतीच्या टोकाला गेली, वळली आणि परत आली.

दारावर एजन्सीचा गार्ड होता, तेजस. नोकरीचा तिसरा दिवस. चहा पिऊन परत येतो तो काय, शे-दीडशे माणसं अनवाणी. त्याला वाटलं, आपण नसताना वरून ऑर्डर आली. वॉकीटॉकीवर विचारलं तर जागेवर नव्हतो हे कळलं असतं. मग त्यानेही घसा ताणला, "पादत्राणे बाहेर काढावीत. फूटवेअर आऊटसाइड प्लीज." साडेतीनशे जोड झाले. साहेब, तुमच्या कुठल्याही योजनेची अंमलबजावणी इतकी झटपट झालेली नाही.

आत गेल्यावर तर रतनराव खुर्ची शोधायचंच विसरले. आठ हजार खुर्च्या, आणि सगळ्यांच्या नजरा एकाच खड्ड्याकडे. त्या खड्ड्यात दिव्यांच्या पांढऱ्या झोतात हिरवं कोर्ट, पाचूच्या खड्यासारखं. वर छताला टांगलेला चौकोनी पडदा, एखाद्या दुमजली घराएवढा. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, बोटाएवढी, बुटाची लेस बांधणारी त्यांची चैताली. आपली पोरगी इथे उभी आहे आणि एवढी मोठी इमारत तिच्याभोवती बांधलीय, असं त्यांना वाटलं. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.

"अहो," शर्मिलाताईंनी कोपर मारलं. "समोरच्या स्टँडमधल्या लोकांच्या पायात बूट आहेत."

"ते पार्किंगमधून लिफ्टने आलेले. गाडीवाल्यांना कुठे नियम असतो?"

इतक्यात प्रमुख पाहुणे आले. त्यांचा रस्ता लिफ्टचाच होता, पण फोटोवाले मुख्य दारापाशी होते म्हणून पाहुणेही मुख्य दाराने आले. तिथे तेजस. "सर, पादत्राणे." पाहुण्यांनी आजूबाजूला पाहिलं, जनता अनवाणी, कॅमेरे चालू. त्यांनी हसत हसत बूट काढले. दोन मिनिटांनी दाराच्या कॅमेऱ्यातून दुमजली पडद्यावर ते नमस्कार करत झळकले, नखशिखांत, आणि डाव्या मोज्यातून अंगठाही नमस्काराला बाहेर आलेला. प्रेक्षकांनी आजवर कुठल्याही पाहुण्यासाठी वाजवल्या नसतील इतक्या टाळ्या वाजवल्या.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. पण सफाईवाल्यांच्या नियमात एक कलम होतं: बेवारस वस्तू दिसली की तळघरात. त्यांना साडेतीनशे बेवारस जोड दिसले. त्यांनी मोठ्या ढकलगाड्या आणल्या आणि पंधरा मिनिटांत भिंत लख्ख केली. त्यात पाहुण्यांचे बूटही गेले, आणि पाहुण्यांना पाच वाजता दुसरं उद्घाटन होतं.

खाली सामना रंगला होता. पहिला गेम चैतालीचा, दुसरा कल्याणी नावाच्या कोल्हापूरच्या मुलीचा. तिसऱ्यात एकोणीस-एकोणीस. रतनराव खुर्चीच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांत दाबलेले. तेवढ्यात रांगेच्या टोकाला दोन गार्ड आले.

"काका, जरा कंट्रोल रूममध्ये यावं लागेल."

"दोन पॉइंट राहिलेत."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मग दोन पॉइंटनंतर दोन मिनिटं देतो ना."

"पाहुणे खोळंबलेत, काका."

शर्मिलाताई उठून म्हणाल्या, "मी येते. माझ्याही चपला होत्या."

"मॅडम, फुटेजमध्ये पहिले काका आहेत."

आजूबाजूचे लोक 'बसा, बसा' म्हणू लागले. आपल्यामुळे पोरीचं लक्ष विचलित होईल या एकाच भीतीने रतनराव उठले.

कंट्रोल रूममध्ये गेल्यावरही, खरं सांगायचं तर, ते आधी थक्कच झाले. भिंतभर पडदे, मोजून अठ्ठेचाळीस. निकिता मॅडम नावाच्या मुख्य अधिकारी होत्या. त्यांनी बटण दाबलं आणि सहा पडद्यांवर रतनराव वाकले. समोरून, मागून, वरून, दोन्ही बाजूंनी, आणि एक फरशीतलं प्रतिबिंब.

"हे तुम्हीच?"

"मीच. चित्र फार स्वच्छ आहे हो तुमचं."

"कोणी सांगितलं चपला काढायला?"

"लाकडी कोर्ट आहे ना."

"काका, कोर्ट खाली आहे. तुम्ही वर खुर्चीत बसणार."

रतनरावांनी यावर विचार केला. बारा वर्षांत हे त्यांना कोणी इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं. हडपसरच्या हॉलला खुर्च्याच नव्हत्या.

"चुकलं," ते म्हणाले. "आता एवढं करा, कोर्ट कुठल्या पडद्यावर दिसतं ते दाखवा. माझी मुलगी खेळतेय."

निकिता मॅडमही हलल्या. त्यांनी खरोखर शोधलं. पार्किंग, जिने, लिफ्ट, पॉपकॉर्नचा काउंटर, स्वच्छतागृहाची वाट, तळघरातला चपलांचा ढीग आणि त्यात पाहुण्यांचे बूट शोधणारे दोन गार्ड.

"कोर्टावर आमचा कॅमेरा नाही, काका. आमचे फक्त सुरक्षेचे. खेळाचं शूटिंग चॅनेलवाले करतात."

"मग त्यांचं लावा."

"त्यांचे कॅमेरे पुरुषांच्या फायनलला सुरू होणार. साडेसहाला."

तेवढ्यात भिंत थरथरली. बाहेर दीड-दोन हजार माणसं एकदम ओरडली होती. रतनराव पडद्यांकडे धावले. पॉपकॉर्नवाल्याने दोन्ही हात वर केले, मग तेच हात डोक्यावर धरले. यावरून काय समजायचं? पुन्हा ओरडा. आता पॉपकॉर्नवाला पडद्यावर नव्हताच, काउंटर टाकून आत धावला होता.

रतनराव बाहेर पडले ते अनवाणी पायांनी त्या गुळगुळीत फरशीवर घसरतच. पोचले तेव्हा चैताली कोर्टावर गुडघे टेकून बसली होती आणि फलकावर बावीस-वीस होते. जिंकली होती.

"कसा होता?" त्यांनी शर्मिलाताईंना विचारलं. "शेवटचा पॉइंट?"

"मी डोळे मिटले होते," शर्मिलाताई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मोठ्या पडद्यावर रिप्ले असेल म्हणून रतनरावांनी वर पाहिलं. तिथे काळ्या बुटांच्या एका जोडीचं दुमजली चित्र होतं आणि खाली सूचना: नऊ नंबर, सापडल्यास संपर्क साधावा. शेवटचे चारही पॉइंट तेच चित्र झळकत होतं.

चैताली पदक घेऊन धावत आली. "बाबा, बघितलात ना? तो बॅकहँड?"

रतन ओव्हाळ तेहतीस वर्षांत एकदाही खोटं माप लिहून न दिलेला माणूस. त्याने पोरीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाही गं. चपलांच्या चौकशीला गेलो होतो."

पोरगी वडिलांच्या उघड्या पायांकडे बघत राहिली, मग त्यांना हाताला धरून तळघराकडे घेऊन गेली. साडेतीनशे जोडांच्या ढिगाऱ्यात राज्याची विजेती पदक पाठीवर टाकून कोल्हापुरी शोधत होती.

तर साहेब, एक हडपसरचा माणूस वाकून चपला काढतो, याचं चित्रण सहा बाजूंनी तुमच्याकडे जपून ठेवलेलं आहे. त्याच्या मुलीने राज्य जिंकलं त्या बॅकहँडचं एकाही बाजूने नाही. अठ्ठेचाळीस कॅमेऱ्यांतला एक तिकडे का वळला नाही? उत्तर लेखी द्या, आणि ओव्हाळांच्या पत्त्यावर द्या. पाहुण्यांचे बूट कुठे आहेत, ते त्यानंतर सांगण्यात येईल.