झुमकीला आधीच दिसलेला अपघात

बालमित्रांनो, एका जंगलात एक गुऱ्हाळ होतं. जंगलात गुऱ्हाळ कसं, असं विचारू नका. प्रगती झाली होती.

मालक होते भालचंद्रशेठ अस्वल. गूळ चाखण्याचं अवघड काम ते स्वतः करत. बाकीची किरकोळ कामं इतर प्राण्यांकडे होती.

तिथे झुमकी नावाची तरुण खार नव्यानेच लागली. चरकात ऊस सारायचं काम तिच्याकडे आलं. पाहते तर चरकाच्या तोंडावर जाळीच नाही! उसामागोमाग हातही आत जाईल, इतकं ते उघडं. शेजारी साळू मावशी नावाची साळिंदर मोळ्या सोडत होती. तिला पुढचा एकच पंजा होता.

"मावशी, दुसरा पंजा?"

"गेला मागच्या हंगामात," मावशी हलकेच म्हणाली. "तू शेपूट आवरून बस, बाई."

झुमकी थेट कोल्हे मुकादमांकडे गेली.

"दादा, चरकाची जाळी कुठंय?"

"शेठच्या खोलीत. भिंतीवर छान दिसते. इथं लावली की ऊस अडतो."

"मग ती लावेपर्यंत मी चरकाला हात लावणार नाही. जिवाला धोका असेल तर नाही म्हणता येतं. फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय तसं."

मुकादम चपापले. ती पाटी आजवर कुणी वाचली नव्हती.

शेठ आले. त्यांनी मायेने समजावलं, "पोरी, आपलं गुऱ्हाळ म्हणजे एक कुटुंब आहे. घरात कुणी हक्क मागतं का?"

"घरात कुणी लेकराला उघड्या विळीपाशीही बसवत नाही, शेठ."

शेठनी तिला कुटुंबापासून जरा लांब, चिपाडं वाळत घालायला धाडलं. चरकावर आला सोनबा ससा. तो इतका लहान, की हात पुरावा म्हणून त्याला मोळीवर उभं केलं. मुकादमांनी वय विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

झुमकीचं चिपाडांत लक्ष लागेना. "सोनबा, हात मागे!" ती ओरडली. थोड्या वेळाने पुन्हा ओरडली. त्यानंतरची किंकाळी सोनबाची होती.

चौकशी अगदी निःपक्षपाती झाली. अध्यक्ष शेठ, साक्षीदार मुकादम. सोनबाने निष्काळजीपणे पंजा चरकाजवळ नेला, असं ठरलं. मग शेठ झुमकीकडे वळले.

"अपघात होणार हे तुला आधीच ठाऊक होतं?"

"हो. मी सांगितलंही होतं."

"आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, ते तुला बरं ठाऊक! म्हणजे यात तुझाच हात आहे."

झुमकीला काढून टाकलं. पुढे धोक्याची एकही तक्रार आली नाही. राजदरबाराने गुऱ्हाळाला 'सर्वांत सुरक्षित' म्हणून गौरवलं.

काढलं त्या दिवशी घरी जाताना झुमकी सोनबाच्या बिळाशी थांबली. शेठनी त्याला शाल पाठवली होती. ती बाजूला पडली होती.

"ताई, जरा पांघरून देतेस? एका पंजाने जमत नाही मला."

झुमकीने शाल त्याच्या खांद्यावर नीट घातली.

तात्पर्य: बालमित्रांनो, धोका दिसला की चटकन डोळे मिटून घ्यावेत. अपघात ज्याला होतो, त्याला निदान शाल मिळते. तो ज्याला आधी दिसतो, त्याची नोकरी जाते.