नदीवर नाव नाही

पौष महिन्यात खैरखेडे गावाने ‘झुळकी नदी वाचवा’ नौकाफेरीसाठी नदी भाड्याने आणली, कारण झुळकीवर होडी तरंगत नव्हती.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. निधी जमवायचा तर वल्ही मारणारी मंडळी हवीत, आणि त्यांना घोट्याएवढ्या काळ्या पाण्यात बसवायचं म्हणजे गावाची अब्रू जायची. समितीचे अध्यक्ष गुजरसाहेब म्हणाले, “पाहुणे येणार, फोटो निघणार. आपली नदी घरच्या माणसांपुरती ठीक आहे.” ठराव एकमताने मंजूर झाला. सदूशेठ मंडपवाल्यांकडे खुर्च्या, पातेली, नवरदेवाचा घोडा आणि नदी असं सगळं मिळतं. त्यांनी मध्यम आकाराची, निळसर नदी काठांसकट द्यायचं कबूल केलं.

आता नवी नदी पात्रात घालायची तर जुनी दिवसभर ठेवायची कुठे? शाळेचं पटांगण गाड्यांना दिलेलं, समाजमंदिरात नाश्ता. शेवटी सगळे कौसाबाई परटिणीच्या दारात गेले, कारण तिचं अंगण मोठं होतं. चाळीस वर्षं झुळकीच्या धोंड्यावर कपडे आपटून तिने तीन लेकरं वाढवली होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या आधी नदीनेच तिला जवळ केलं होतं. पाणी काळं पडल्यापासून ती बोअरच्या पाण्याने धुवायची, पण रोज सकाळी धोंड्यावर जाऊन बसल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

“आणा,” ती म्हणाली. “उकिरड्यावर टाकू नका म्हंजी झालं.”

शनिवारी आठ माणसांनी झुळकी सतरंजीसारखी गुंडाळून आणली आणि अंगणात पसरली. कौसाबाईने सवयीने बिब्ब्याला सुई टोचली आणि त्याच्या न पुसणाऱ्या काळ्या रसाने, कपड्यांवर घालायची तशी, नदीच्या एका कोपऱ्यावर खूण घातली: एक ठिपका, दोन रेघा. तिच्या अंगणात आलेलं काहीही खुणेवाचून राहत नसे.

रविवारी नौकाफेरी दणक्यात झाली. नव्वद होड्या, सात भाषणं. नदी आपली आई आहे, असं सातही जणांनी सांगितलं. प्रत्येकाला पाण्याची बाटली, फुगा आणि पोह्यांची प्लेट मिळाली, आणि टाकायला नदी हाताशीच होती. जमलेला निधी भाड्यात गेला, म्हणजे नदीवरच खर्च झाला.

इकडे अंगणात झुळकीत दिवसभर कुणी काहीच टाकलं नाही. एवढ्याच गोष्टीची तिला सवय नव्हती. दुपारपर्यंत गाळ खाली बसला. चारच्या सुमाराला तळ दिसू लागला आणि कौसाबाईला पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं. आपण म्हाताऱ्या झालो हे तिला तेव्हा कळलं. तिला रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही.

दिवे लागायच्या आधी सदूशेठ तीन टेम्पो घेऊन आले. पात्रातल्या नदीकडे बघून त्यांनी नाक धरलं.

“ही माझी नव्हे. मी स्वच्छ दिली होती.” मग त्यांची नजर अंगणात गेली. “ही बघा माझी! भरा रे.”

“अहो शेठ, ही झुळकी हाय!” कौसाबाई आडवी आली.

गुजरसाहेबांनी फाईल उघडली. “नोंदीप्रमाणे झुळकीचा रंग काळा, वास येतो. पात्रातली नदी काळी आहे, वास येतो. तेव्हा ती झुळकी. हिला वासच नाही. सदूशेठ, तुमच्या नदीवर नाव होतं?”

“सकाळपासून नव्वद होत्या की.”

“होड्या नव्हे हो. पातेल्यावर कोरतात तसं नाव.”

“मशीनवाल्याने दोनदा करून बघितलं. पाण्यावर टिकत नाही.”

“माझी खूण हाय,” कौसाबाई म्हणाली आणि तिने कोपरा उचलून दाखवला.

गुजरसाहेबांनी चष्मा पुसून ठिपका पाहिला, रेघा मोजल्या. “खूण बरोबर आहे. पण कौसाबाई, परटाची खूण पडली म्हणून कपडा परटाचा होत नाही. नाहीतर माझे सगळे सदरे तुमचे झाले असते.”

लोक हसले. सदूशेठच्या माणसांनी पलीकडच्या काठापासून नदी गुंडाळायला घेतली. कौसाबाईची चाळीस वर्षांची सोबत टेम्पोत चढणार आणि पुढे कुणाच्या तरी लग्नात मिरवणार. तिने पदर खोचला.

“खरं हाय साहेब. कपडा ज्याचा त्याचा,” ती म्हणाली. “पण खुणेचा कपडा धुऊन वाळल्याबिगर माझ्या दारातनं जात न्हाई. शेठ, तुमच्या खुर्च्यांची कव्हरं मी कधी ओली दिलीत?”

सदूशेठ व्यवहाराचे पक्के. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “नाही मावशी. कधीच नाही.”

“ओली नेली तर कुबट वास मारंल. मग गिऱ्हाइकाला काय सांगाल?”

सदूशेठनी हात वर केला. गुंडाळणारे थांबले.

“मग कधी येऊ?”

“पुढल्या सोमवारी या.”

गुजरसाहेबांनी फायलीत शेरा मारला: नदी धुण्यास टाकली आहे.

तेव्हापासून सदूशेठ दर सोमवारी रिकामा टेम्पो घेऊन येतात. पात्रातली नदी वाचवण्यासाठी समितीने पुढच्या वर्षीची नौकाफेरी जाहीर केली आहे आणि भाड्याच्या नदीची चौकशीही सुरू आहे. परवा वैशाखातला सोमवार होता. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. कौसाबाईने सदूशेठना चहा दिला, कोपरापर्यंत हात नदीत घातला, आतबाहेर चाचपून पाहिलं आणि हात पदराला पुसला.

“अजून ओलीच हाय, शेठ. ऊन कुठं पडतंय मेलं.”

सदूशेठनी कपाळावरचा घाम निपटला, आभाळाकडे बघितलं आणि मान डोलावली.

“मग सोमवारी येतो,” ते म्हणाले.