घरात मतदार एक

दारावरची बेल वाजली तेव्हा केशवराव हरकरे राज्यपालांपर्यंत पोचले होते. म्हणजे समोरच्या सोफ्यावर चहासाठी आलेल्या शेजारच्या देवरावांना विधान परिषद समजावून सांगता सांगता ते राज्यपालनियुक्त सदस्यांवर आले होते.

"खालच्या सभागृहात दोनशे अठ्ठ्याऐंशी. ते आपण थेट निवडतो. वरच्यात अठ्ठ्याहत्तर. त्यातले तीस आमदार निवडतात, बावीस नगरपालिका अन् जिल्हा परिषदवाले, सात शिक्षक, सात पदवीधर. मंग राहिले किती?"

"बारा," देवराव रिकाम्या कपात बघत म्हणाले. दर हिवाळी अधिवेशनाला हे गणित त्यांच्याकडून सोडवून घेतलं जाई, त्यामुळे उत्तर तोंडपाठ होतं.

दारात एक तरणाबांड मुलगा उभा होता. गळ्यात उपरणं, हातात याद्यांचा गठ्ठा. "नमस्कार काका. मी अंकित. पदवीधर मतदारसंघातून सुमंतभाऊ उभे राहून राहिले नं, त्यांच्याकडून आलो."

"या, या!" केशवराव उठून सरसावले. बेसा भागातल्या त्या कॉलनीत राजकारण कळणारा माणूस म्हणजे आपणच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "बसा. काय विचारायचं ते विचारा."

"प्रेमलताताई हायेत का घरी?"

 केशवरावांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. प्रेमलताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि अंकित त्यांच्यापुढे चक्क वाकला. मतदार क्रमांकाची चिठ्ठी दिली, सुमंतभाऊंचं पत्र दिलं, पदवीधरांच्या प्रश्नांवर त्यांचं मत काय ते विचारलं आणि शेवटी मोबाइल काढला. "काका, जरासे सरकता का तिकडे? ताईंचा फोटो काढायचा होता."

काका सरकले. आपल्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान बायको ताई आणि आपण काका, हे त्यांना फोटो निघेपर्यंत टोचत राहिलं.

अंकित गेल्यावर देवरावांनी नको तो प्रश्न विचारलाच. "केशवराव, तुमचं नाव नाही यादीत?"

"याद्यांमध्ये चुका राहतेच," केशवराव म्हणाले आणि कप उचलून आत गेले. लग्नानंतर त्यांनी स्वतः कप उचलल्याची ही पहिलीच वेळ होती.

चूक यादीत नव्हती. केशवराव बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी संख्याशास्त्रात नापास झाले होते. पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. तिसऱ्या वेळी परीक्षेच्या दिवशीच नोकरीचा कॉल आला आणि तो विषय कायमचा राहून गेला. मी पदवीधर आहे असं ते कोणाला कधी म्हणाले नाहीत, पण बी.कॉम.च्या दिवसांच्या गोष्टी इतक्या रंगवून सांगत की ऐकणाऱ्याने निकाल आपल्या मनानेच लावून घ्यावा. सत्य एकट्या प्रेमलताबाईंना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी चारचौघांत काढलं नव्हतं. त्या स्वतः भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या. योगाच्या वर्गातल्या बायकांनी एकत्र फॉर्म भरले, त्यात त्यांचाही गेला. घरी सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नाही.

पण त्या दिवसापासून हरकऱ्यांच्या घरातली हवाच पालटली. सकाळी टपालातून 'सौ. प्रेमलता हरकरे, बी.ए.' अशा नावाने पत्रं येऊ लागली. दुपारी फोन. एकदा तर खुद्द सुमंतभाऊंनी फोन करून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, कारण फोटोत त्या थोड्या तिरप्या उभ्या दिसल्या होत्या. चहा उकळून उकळून काळा पडायचा आणि केशवराव पेपर आडवा धरून सगळं ऐकत बसायचे.

"काय म्हणून राहिला होता तो?"

"काही नाही. जुन्या पेन्शनीबद्दल माझं मत विचारलं."

"तुले काय समजते त्यातलं?"

"म्हणून तर म्हटलं, विचार करून सांगते."

केशवराव जळत होते, आणि जळतोय हे त्यांना स्वतःलाही कळत होतं, म्हणून जास्तच जळत होते. दोन्ही सभागृहांची खडान्‌खडा माहिती त्यांना, आणि वरच्या सभागृहाचं मत कोणाला? जिने आजवर बातम्यांचं चॅनल लागलं की रिमोट मागितला, तिला! चौतीस वर्षांच्या संसारात बायकोचं मत आपण स्वतः कधी विचारलं नाही, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मग पदवीधर स्नेहमेळाव्याचं आमंत्रण आलं. आमंत्रण अर्थातच ताईंना. एकटीला कसं पाठवायचं, असं म्हणत केशवराव इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. लॉनच्या दारात एका मुलीने यादी पाहिली, प्रेमलताबाईंच्या साडीला 'मतदार' असा लाल बिल्ला लावला आणि त्यांना पहिल्या रांगेत नेलं. केशवरावांच्या खिशाला पांढरा बिल्ला लागला. त्यावर लिहिलं होतं, 'सोबत'.

सोबत आलेल्यांची सोय मागे, तर्री-पोह्याच्या टेबलाजवळ होती. तिथून त्यांना बायकोच्या अंबाड्यातला गजरा तेवढा दिसत होता आणि तिच्या शेजारी बसून हसणारे सुमंतभाऊ दिसत होते. त्यांनी पोह्याची बशी तशीच खाली ठेवली. थोड्या वेळाने सुमंतभाऊ माईकपुढे उभे राहिले. "मी तुम्हाला शब्द देतो, पदवीधरांचा आवाज मी विधानसभेत—"

"परिषदेत!" मागून गर्जना झाली. "विधानसभेत नाही, परिषदेत! ज्या सभागृहात जायचं त्याचं नाव तरी पाठ करा ना, भाऊ!"

लॉन खदखदून हसलं. टाळ्याही पडल्या. सुमंतभाऊ कसलेले होते, त्यांनी हात जोडले. "बरोबर बोलले काका. असे जागरूक मतदार पाहिजेत आपल्याला. तुमचा मतदार क्रमांक काय, काका?"

टाळ्यांच्या भरात केशवरावांची जीभ सुटली. "क्रमांक कुठला? नावच गायब केलं माझं यादीतून!"

लॉनवर एकच गलका झाला. कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष रुपराव पहिल्या रांगेत होते. दोन विषयांत एम.ए. झालेला आणि अन्यायाच्या शोधात असलेला माणूस. ते खुर्चीवर चढले. "आपल्या कॉलनीतल्या सर्वांत जाणत्या माणसाचं नाव गायब? उद्या सकाळी दहा वाजता सगळ्यांनी निवडणूक शाखेत चलायचं!" पहिल्या रांगेतला गजरा सावकाश मागे वळला. प्रेमलताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी नऊ पदवीधर आणि एक केशवराव असं शिष्टमंडळ निवडणूक शाखेत जाऊन धडकलं. टेबलामागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पुरवणी यादीत नाव जोडता येते. अर्ज भरा अन् पदवीची प्रत लावा."

"पदवी..." केशवराव खाकरले. "घर बदलताना गहाळ झाली."

"मंग विद्यापीठातून दुय्यम प्रत आणा."

"माझा भाचा त्याच विभागात आहे," रुपराव उत्साहाने म्हणाले. "हरकरेजी, फक्त वर्ष अन् परीक्षा क्रमांक सांगा. दोन दिवसांत प्रत तुमच्या हातात! बोला, लिहून घेतो."

देवरावांनी पेन दिलं. नऊ चेहरे वाट बघत होते. केशवरावांच्या कपाळावर डिसेंबरातही घाम आला. वेळ काढायचा म्हणून त्यांनी बाईंनाच विचारलं, "म्हणजे ह्या मतदारसंघात पदवीशिवाय माणसाले काहीच करता येत नाही म्हणा?"

"मत देता येत नाही," बाई म्हणाल्या. "उभं राहता येते. उमेदवाराले पदवीची अट नाही. तीस वर्षं वय पाहिजे अन् विधानसभेच्या यादीत नाव पाहिजे."

केशवरावांना दोन्ही सभागृहांची खडान्‌खडा माहिती होती, पण ही गोष्ट त्यांच्याही वाचनातून निसटली होती. त्यांनी देवरावांचं पेन शांतपणे परत केलं. "रुपरावजी, राहू द्या ते वर्ष अन् क्रमांक. मी उभा राहून राहिलो."

"पण मंग तुमचं स्वतःचं मत?"

"स्वतःच स्वतःले मत देणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

रुपरावांचे डोळे पाणावले. त्यांनी केशवरावांना तिथेच मिठी मारली आणि पदवीचा विषय त्या मिठीत मिटला.

उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून दहा पदवीधर मतदारांच्या सह्या लागत होत्या. नऊ शिष्टमंडळाच्या झाल्या. दहावी कोणाची हे सगळ्यांना दिसत होतं. प्रेमलताबाई मटार सोलत होत्या. केशवरावांनी कागद त्यांच्यापुढे नुसता सरकवला, तोंडाने विनंती केली नाही.

"उभे राहून राहिले तुम्ही?" त्यांनी विचारलं. "काहून?"

"लोकांचा आग्रह आहे."

बाईंनी हात पुसले, सही केली आणि पुढे आपला मतदार क्रमांक न बघता लिहिला. पाठ होता त्यांना! सही मिळाल्याच्या आनंदापेक्षा केशवरावांना तेच जास्त झोंबलं.

मग महिनाभर प्रचार झाला. केशवराव देवरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून कुहीपासून कन्हानपर्यंत फिरले. जातील तिथे ते राज्याच्या विधिमंडळाची रचना समजावून सांगत. अठ्ठ्याहत्तरचा हिशेब पूर्ण होईपर्यंत निम्मे लोक उठून जात आणि उरलेल्यांना देवराव निघायची घाई करत. घरी आले की सुमंतभाऊंचा फोन चालू असायचा. विरोधी उमेदवार आपल्याच घरात रोज वीस मिनिटं बोलतो, याहून मोठी नामुष्की कोणती? पण फोन ठेव म्हणायचं तर ती मतदार, आणि मतदाराला दुखावून चालणार नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सगळी कॉलनी केंद्रात गेली. केशवराव बाहेर रस्त्यावर उभे राहिले. प्रेमलताबाई हिरवी पैठणी नेसून त्यांच्या पुढ्यातून आत गेल्या आणि दहा मिनिटांनी शाई लागलेलं बोट फुंकत बाहेर आल्या. त्या बोटाकडे केशवरावांनी बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी घरी पोचेपर्यंत बघितलंच.

मतमोजणी रात्रभर चालली. सकाळी सुमंतभाऊ निवडून आल्याचं कळलं आणि यादीच्या तळाशी केशव हरकरे यांचा आकडा दिसला. पहिल्या पसंतीची मतं, एक.

नऊ वाजता सगळे सूचक सांत्वनाला जमले. केशवराव खुर्चीत खिळले होते. "दहा जणांनी सह्या केल्या," ते म्हणाले, "अन् मत एक?"

"ते एक माझंच," देवराव छातीवर हात ठेवून म्हणाले.

"तुमचं कसं? माझं!" रुपराव म्हणाले. मग बाकीच्यांनीही तेच म्हटलं. नऊच्या नऊ जण त्या एका मतावर हक्क सांगू लागले.

केशवरावांनी हात वर केला. "देवराव, तुम्ही नेमकं काय केलं आत?"

"काय म्हणजे? तुमच्या नावापुढे मस्त मोठ्ठी बरोबरची खूण केली."

"बरोबरची खूण? अहो, पहिली पसंती म्हणून १ हा आकडा लिहायचा असते! बाद झालं मत. रुपरावजी, तुम्ही?"

"मी लिहिलं ना. अक्षरात लिहिलं, 'एक'. अन् खाली सही केली, म्हणजे कोणी बदलू नये."

"बाद! सही केली की बाद!"

योगाच्या वर्गातली पिंकी हळूच म्हणाली, "काका, मी आकडाच लिहिला. पण तिथला जांभळा पेन नीट चालत नव्हता, म्हणून माझ्या पर्समधला निळा घेतला." केंद्रातला पेन सोडून दुसऱ्याने लिहिलेलं मतही बाद. चौथ्याने कोणाला वाईट वाटू नये म्हणून सगळ्याच उमेदवारांपुढे एक लिहिला होता. सगळ्यांची तऱ्हा तीच निघाली. कॉलनीतल्या नऊ पदवीधरांची नऊ मतं बाद. सगळ्या कॉलनीत मत कसं द्यायचं ते नीट ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि तो त्या वेळी रस्त्यावर उभा होता.

सगळे खाली मान घालून गेले. केशवरावांच्या डोक्यात मात्र वेगळाच प्रकाश पडला होता. नऊ बाद, म्हणजे उरलं दहावं!  महिनाभर आपण हिच्यावर जळलो आणि हिने मुकाट्याने आपल्याला पहिली पसंती दिली. ते स्वयंपाकघरात गेले आणि कढईसमोर उभ्या असलेल्या बायकोच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"प्रेमा, एकच मत पडलं मले. पण मले ते पुरे आहे."

प्रेमलताबाईंनी गॅस बारीक केला. "माझं नाही ते."

"काय?"

"मी सुमंतभाऊंले दिलं पहिलं. महिनाभर बिचारा गुडघा विचारून राहिला होता. तुम्हाले दुसरी पसंती दिली. बरोबर आकड्यात लिहिली बरं, जांभळ्या पेनानं."

केशवरावांचा हात खांद्यावरून खाली आला. ते काही तरी कडू बोलणार होते, पण प्रेमलताबाईच झारा हातात घेऊन पूर्ण वळल्या होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

"ह्या नवांची मतं बाद झाली," त्या म्हणाल्या. "माझं सुमंतभाऊंले गेलं. मंग तुम्हाले हे एक दिलं कोणी?"

"मले काय माहीत?"

"सहा जिल्ह्यांत एकच माणूस, अन् त्यानं नेमकं तुम्हालेच पहिलं मत द्यावं? कुठची आहे ती?"

"ती?"

"प्रचाराले गेले तेव्हा कन्हानले दोनदा काहून गेले होते तुम्ही? देवराव सांगत होते, दुसऱ्यांदा गरज नव्हती म्हणून. शिकलेली दिसते. आकडा बरोबर लिहिला तिनं. कोण आहे ती?"

केशवराव आपल्या बायकोकडे बघत राहिले. चौतीस वर्षांत ती कधी अशी तांबडीलाल झाली नव्हती. कन्हानला ते दोनदा गेले कारण पहिल्या वेळी त्यांचा मफलर तिथे राहिला होता, आणि हे सांगायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. ते त्यांच्या ओठांवर आलंही होतं.

तेवढ्यात बाहेर टेबलावर प्रेमलताबाईंचा फोन वाजला. पडद्यावर सुमंतभाऊंचं नाव होतं, आभार मानायला असणार. प्रेमलताबाईंनी तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला.

"मी काय विचारून राहिली?"

केशवरावांनी शर्टाची कॉलर नीट केली, डब्यातून एक लाडू घेतला आणि बाहेर जाता जाता मोठ्या मायेने म्हणाले, "मतदान गुप्त राहते, प्रेमा."