चौसष्ट एचआरसीचा सुरा

रणजीत चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात होता आणि आकडा जितका मोठा तितका माल चांगला, यावर त्याची गाढ श्रद्धा होती. त्यामुळे शिकारीच्या सुऱ्यावर ‘कडकपणा ६४ एचआरसी’ असं छापलेलं दिसताच त्यानं तो ऑनलाइन मागवला. शिकारीचं म्हणाल तर आजवर त्यानं फक्त डास मारले होते, तेही कॉइल लावून.

मेव्हणी सायली भोसरीत पोलाद तापवून कडक करण्याच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम करायची. तिनं त्याला नीट समजावलं. मशीन हिऱ्याचं टोक पोलादात दाबतं, ते जितकं कमी रुतेल तितका आकडा मोठा. पण कडकपणा वाढला की चिवटपणा घटतो. धार टिकते, घाव मात्र सोसवत नाही. शिकारीच्या सुऱ्याला सत्तावन्न-अठ्ठावन्न पुष्कळ झाले.

“दाजी, काचसुद्धा कडकच असते,” ती म्हणाली.

रणजीतनं मोठ्या मनानं तिला माफ केलं. दिवसभर मशीनसमोर बसणाऱ्या पोरीला बाजारातलं काय कळणार?

त्याच महिन्यात त्याच्या मुलाचं जावळ निघालं. सासरे नानासाहेबांनी चाकणजवळच्या आपल्या गावी दीडशे माणसांचा मटणाचा बेत केला. आचारी सोनबा ट्रकच्या कमानपाट्यापासून घडवलेल्या सत्तुरानं लाकडी ओंडक्यावर मटण तोडत होता आणि धार गेली की दगडावर चार हात घासत होता. रणजीतला त्याची कीव आली. त्यानं सोनबाला पोलादाच्या कडकपणावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं, बाजूला सारलं आणि नळीच्या हाडावर सुरा हाणला.

बारीकसा आवाज झाला. पात्याला तांदळाएवढी खाच पडली होती आणि तुकडा कुठं दिसत नव्हता. आता हे त्याच सोनबाला सांगायचं म्हणजे सगळं व्याख्यान परत घ्यायचं. रणजीतनं सुरा म्यानात घातला आणि पाहुण्यांची व्यवस्था बघायला निघून गेला. सोनबानं मटण दोन पातेल्यांत चढवलं.

अर्ध्या तासानं रश्श्याला वास सुटला आणि रणजीतला घाम. कुणाच्या घशात अडकलं तर? शेवटी त्यानं बायकोला, पूनमला, बाजूला घेऊन सांगितलं. पूनमनं ते सगळ्यांना सांगितलं.

सायलीनं गावातल्या पिठाच्या गिरणीतून लोहचुंबक आणवलं. पाऊण तास ते दोन्ही पातेल्यांत फिरवलं. चुंबकाला तर्री लागली, पोलाद नाही. नानासाहेब पातेल्यांकडं बघत उभे राहिले.

“बकरं गेलं तर गेलं, माणूस जाया नको,” ते म्हणाले. “वता खड्ड्यात.”

दीडशे माणसं मटकी-भाकरी जेवली आणि जावई कोणता, हे एकमेकांना बोटानं दाखवत घरी गेली. खड्डा बुजवून झाल्यावर सोनबानं ओंडका धुवायला घेतला. तुकडा त्यातच रुतून बसला होता.

रणजीतनं हार मानली नाही. पोलाद बनावट, आकडा खोटा, विकणाऱ्याला ग्राहक मंचात खेचतो, असं तो आठवडाभर ज्याला त्याला ऐकवत होता. पुरावा हवा म्हणून सुरा घेऊन तो सायलीच्या वर्कशॉपवर गेला आणि सही-शिक्क्याचा दाखलाच मागितला. सायलीनं पातं तीन ठिकाणी तपासलं.

“चौसष्ट, दाजी. तिन्ही ठिकाणी चौसष्टच,” तिनं शिक्का मारत सांगितलं. “विकणारा प्रामाणिक निघाला. ग्राहक मंचात कुणाचं नाव घालायचं?”

रणजीतनं कागदाची बारीक घडी करून खिशात घातली. संध्याकाळी पूनमनं पँट धुवायला घेतली, कागद काढला, हातानं सरळ केला आणि त्याचा फोटो माहेरच्या ग्रुपवर टाकला.