पिवळ्या पट्टीपलीकडचे साठेकाका

आमच्या साठेकाकांकडून तुम्ही जुना मिक्सर घेतलात, तर तुम्हाला मिक्सर मिळेल, मिक्सरच्या भांड्यात मूठभर साखर मिळेल, चौदा कलमी सूचनांचा कागद मिळेल, आणि दारावरच्या कॅमेरावाल्या बेलमधून "स्टेप बॅक प्लीज!" असा खणखणीत आवाज ऐकायला मिळेल. फक्त साठेकाका मिळणार नाहीत. ते दाराआड उभे राहून फोनच्या पडद्यावर तुमच्याकडे बघत असतात.

मी चँडलरला त्यांच्या शेजारी राहते, अकरा वर्षं झाली. मूळची नागपूरची, त्यामुळे ॲरिझोनाच्या उन्हाची मला लगेच सवय झाली. साठेकाकांची अजून व्हायचीय. काकांनी तीस वर्षं चिप बनवणाऱ्या कंपनीच्या क्लीनरूममध्ये काढली. तिथे म्हणे धुळीचा एक कण उडाला तरी सगळा माल वाया. त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, हातात मोजे. रिटायर झाल्यावर झगा कंपनीत राहिला, पण नजर घरी आली. "माणूस म्हणजे काय गं रश्मी? चालताबोलता कचरा! एकदा शिंकला की लाखभर कण!" हे ते मला सांगतात, ते मी नुकतीच शिंकलेली असताना.

मागच्या वर्षी शैलाकाकू गेल्या. त्यांची मुलगी केतकी न्यू जर्सीला, पिस्कॅटवेत असते. तिनं सहा महिने मागे लागून बाबांना तिकडे यायला कबूल केलं. घर विकलं गेलं, महिनाअखेरीला किल्ल्या द्यायचं ठरलं, आणि केतकीचा मला फोन आला. "रश्मीताई, बाबा हो हो म्हणतात, पण तिकीटच काढू देत नाहीत. आधी सामान संपू दे म्हणतात. तू जरा बघशील? प्लीज?" मीही मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? तीन आठवड्यांत घर रिकामं करून दाखवते." बोलून बसले.

सामान ऑनलाइन विकायचं, पण माणूस उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही, हा काकांचा हट्ट. "नो काँटॅक्ट, नो कटकट!" पोर्चवर त्यांनी पिवळी चिकटपट्टी लावून तीन चौकोन आखले. 'ए'मध्ये वस्तू, 'बी'मध्ये गिऱ्हाईक, 'सी'मध्ये गिऱ्हाइकाबरोबर आलेलं माणूस. आणि कुत्रा आणला तर? "कुत्रा गाडीत. कलम सहा." बेल वाजवायची नाही, हे कलम दोन. वाकताना गुडघ्यात वाकावं, कमरेत वाकू नये, हे कलम नऊ. पैसे फोनवर आधी आले की मगच वस्तू 'ए'मध्ये.

इंटरनेटवर खरं नाव द्यायचं नाही, असं कुठेतरी वाचल्यामुळे तिथे त्यांचं नाव पीटर. आता पीटर नावाचा माणूस "काइंडली डू द नीडफुल" असं लिहीत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "हा लिहितो," काका म्हणाले.

घर ओळखू येऊ नये म्हणून ते प्रत्येक वस्तूचा फोटो मागे चादर टांगून काढायचे. टोस्टरचाही तसाच काढला. टोस्टर चकाचक स्टीलचा. त्यात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची हाफपँट घातलेले अख्खे काका, पोटासकट, स्वच्छ उमटलेले. दोन दिवसांत चाळीस जणांनी तो फोटो पाहिला आणि एकीनं विचारलं, टोस्टरबरोबर हे गृहस्थही मिळतात का? काकांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "सॉरी, नॉट इन्क्लूडेड."

सुगंधी मेणबत्त्यांचा सेट त्यांनी जूनमध्ये भर दुपारी पोर्चवर ठेवला. न्यायला आलेल्या माणसाला सार मिळालं, लव्हेंडरचं. तेव्हापासून कलम पंधरा आलं, पिकअप सकाळी सात वाजता.

या सगळ्यावर ताण म्हणजे ती साखर. रिकामं भांडं कुणाच्या हातात द्यायचं नाही, ही आपली घरोघरची रीत. डबा परत करताना आपण त्यात चिमूटभर काहीतरी टाकतोच ना? काकांनी ती रीत पार कुठल्या कुठे नेली. कुकरमध्ये साखर समजू शकते. पण टेबलाच्या खणात? आईस बॉक्समध्ये? एकदा एका बाईंनी सुटकेस घेतली. नेमकी घरातली साखर संपली होती, म्हणून काकांनी झिपच्या पिशवीत पिठीसाखर भरली आणि सुटकेसच्या आतल्या कप्प्यात सरकवून दिली. आता तुम्हीच सांगा. पीटर नावाचा माणूस दार उघडत नाही, तोंड दाखवत नाही, आणि त्याच्या सुटकेसच्या चोरकप्प्यात पांढरी पावडर!

दुसऱ्या दिवशी दारात पोलिसांची गाडी. मी खिडकीतून बघितलं आणि मायक्रोवेव्हमधला चहा तसाच टाकून पळाले. पोचले तेव्हा बेलमधून काकांचा आवाज येत होता, "ऑफिसर, प्लीज स्टँड इन स्क्वेअर बी." आणि बाप्पा, तो सहाफुटी माणूस खाली बघून मुकाट्यानं 'बी'मध्ये उभा राहिला! दुसरा विचारायच्या आधीच 'सी'मध्ये गेला. मी हातापाया पडत त्यांना आपली रीत समजावली. काकांच्या घरातून पिठीसाखरेचा डबा आणून त्यांच्यासमोर चमचाभर खाल्ली, मला ठसका लागला. "पण साखरच का?" त्या ऑफिसरनं विचारलं. बेल म्हणाली, "बिकॉज एम्प्टी इज नॉट नाइस, सर!"

पुढच्या शनिवारी तोच ऑफिसर काकांचा टेबलफॅन घेऊन गेला. आपणहून 'बी'मध्ये उभा राहिला होता.

तर असं करत करत घर रिकामं होत आलं. सोफा गेला, कपाटं गेली, व्यायामाची सायकल तर गेली तेव्हा तिच्यावर अजून कंपनीचं लेबल होतं. किल्ल्या द्यायला दहा दिवस उरले आणि घरात एकच वस्तू राहिली. काकूंचं शिलाई मशीन.

अमेरिकेत आल्यावर पहिल्याच वर्षी काकूंनी ते घेतलं होतं. आमच्या सगळ्यांच्या साड्यांचे फॉल त्याच्यावर लागले. गणपतीच्या मखराचे पडदे, पोरांच्या नाटकातली धोतरं, माझ्या सईचं पहिलं परकर-पोलकं, सगळं त्याच्यावर. आणि काका ते मशीन काही केल्या कुणाला देईनात. केतकीला बरोबर न्यायचं म्हटलं, तर म्हणाले, "तिला बटण लावता येत नाही. शोभेला ठेवेल. चालतं राहिलं पाहिजे ते." बरं, मग विका! तर गिऱ्हाइकांना लेखी प्रश्न, काय शिवणार, कुणासाठी शिवणार, तेल किती दिवसांनी घालणार. एकानं लिहिलं, मी त्याचा लॅम्प करणार आहे. "मशीनचा दिवा! गाढव कुठला!" काका दोन दिवस धुमसत होते. एक बाई खरीखुरी शिंपीण होती. तिलाही नाही म्हटलं, का, तर तिनं मेसेज 'हॅलो'ऐवजी 'हे' म्हणून सुरू केला.

"मशीन गेल्याशिवाय मी इथून हलणार नाही," त्यांनी केतकीला ठणकावलं. केतकी फोनवर रडायला लागली. नवे मालक दारात उभे राहतील आणि हे आत एकटे मशीनपाशी बसलेले असतील, असं तिला रोज वाटायचं. मला कळून चुकलं, या परीक्षेत कुणीच पास होणार नाहीये. परीक्षा तेवढ्याचसाठी होती.

मग एलेना नावाच्या एकीचा मेसेज आला. "मला शिवता येत नाही. मुलीला डान्सला घालायला फ्रॉक स्वतः शिवून द्यायचाय. शिकेन."

"बघ! येत नाही म्हणते!" काका म्हणाले. "रिजेक्ट!"

माझं डोकंच फिरलं. "काका, पुरे झालं हं! एकदा दार उघडून माणसाशी बोला, म्हणजे कळेल तरी कोण कसं आहे."

"उघडलं होतं!" ते ओरडले. असं ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "पहिल्यांदा उघडलंच होतं दार! ड्रेसिंग टेबल न्यायला आली ती बाई काय म्हणाली माहितेय? 'तुमच्या बायकोला नकोय का हे?' काय सांगायचं मी तिला? सांग ना, काय सांगायचं?"

इतके दिवस मी त्या पट्ट्यांवर हसत होते, सगळ्या कॉलनीला किस्से सांगत होते. मला स्वतःची खूप लाज वाटली. पण दहा दिवसांचे सात झाले होते, आणि केतकीला मी शब्द दिला होता. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, "ओके. शनिवार, सकाळी सात." काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवारी एलेना आली. तिशीतली, हॉस्पिटलच्या कपड्यातच, रात्रपाळी करून आलेली. मी आत काकांच्या शेजारी, दोघांचे डोळे फोनच्या पडद्यावर. तिनं मशीन उचललं नाही. ती जमिनीवर मांडी घालून बसली, झाकण काढलं, आणि बेलकडे बघून म्हणाली, "पीटर? हा दोरा जातो कुठून?"

काका बेलमधून सांगायला लागले. "फ्रॉम टॉप. देन लेफ्ट. देन हुक. नो नो, नॉट दॅट हुक!" तिनं ओवला, सुटला. परत ओवला, परत सुटला. तिसऱ्यांदा दोरा गुंतला आणि ती डोळे चोळत तशीच बसून राहिली. काका इकडून तिकडे फेऱ्या मारत होते. "असं ओढलं तर तुटणार! तुटणार ते! अगं थांब ना!"

आणि मला काही कळायच्या आत त्यांनी दार उघडलं.

ते सरळ तिच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. गुंता सोडवला. दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, बोटांत पिळलं, वरून, डावीकडून, आकड्यातून आणि सुईतून, एका दमात पार! एलेना बघतच राहिली. "वॉव, तुम्ही शिवता?"

"नो, नो. माय वाइफ." काका थांबले. "शी इज नो मोर. शेवटची चार वर्षं तिला सुईचं भोक दिसायचं नाही. रोज सकाळी कामावर जाताना मी दोरा ओवून ठेवायचो. आय नो ओन्ली दिस. शिवण मला येत नाही."

एलेनानं त्यांचा हात हातात घेतला, आणि काकांनी तो काढून घेतला नाही. मग त्यांनीच दोरा सुईतून ओढून काढला. "नाऊ यू."

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्या वेळी तिनं टोक जिभेवर ओलं केलं, बोटांत पिळलं, आणि दोरा आरपार गेला.

"आला! आला!" काका चक्क मराठीत ओरडले आणि तिलाही ते बरोबर कळलं. त्यांनी स्वतः मशीन उचलून तिच्या गाडीत ठेवलं, त्याला सीटबेल्ट लावला. गाडी वळणाआड गेली तरी ते उन्हात तसेच उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायचं काही त्यांच्या लक्षात आलं नाही. मी जवळ जाऊन उभी राहिले. मलाही रडू येत होतं.

"रश्मी," ते म्हणाले, "केतकीला फोन लाव. तिकीट काढ म्हणावं. येतो."