बखर चौकशीबाईंच्या पदवीची आणि दुकानातील दुसऱ्या खुर्चीची

श्रीमंत सकलगुणालंकृत थोरल्या आत्याबाईसाहेब यांचे सेवेशी, पदरच्या लेखकाचे कृतानेक दंडवत विज्ञापना ऐसीजे. आपण कुटुंबाच्या ग्रुपवर जातीने फर्माविले की, "पोरीचं कॉलेज ठरलं का एकदाचं?" त्यावर कोणी नुसता अंगठा उभारिला, कोणी हसरे तोंड धाडिले, आणि कोणी भलत्याच माणसास वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन मोकळे जाहले, परंतु खरे वर्तमान हुजुरांस कोणी निवेदिले नाही. सबब मोहीम कशी उभी राहिली, कोण कोणापुढे मुके जाहले आणि फत्ते कोणत्या प्रकारे जाहली, हे पदरचे तिखटमीठ न लाविता लिहिले आहे. चित्त देऊन अवधारावे.

तरी प्रारंभ ऐसा जे, केशकर्तनालयाचे धनी अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री बाबासाहेब (लक्ष्मी महिनाअखेरीस किंचित खंडित होत असे, तो भाग निराळा) यांस एकच कन्या. तिला प्रश्न विचारण्याची खोड उपजत. मीटर वाचणारा येवो की पार्सलवाला येवो, उलटतपासणी जाहल्यावाचून त्याची उंबरठ्यावरून सुटका नसे. म्हणोन चौकशीबाई हा किताब तिला सर्वानुमते बहाल जाहला. दुकानी खुर्च्या दोन. पैकी दुसरी लाल गादीची, पायाने दाबता वरखाली होणारी, बाबासाहेबांनी मोठ्या हौसेने आणलेली. तीवर गिऱ्हाईक नसता चौकशीबाई लहानपणी चढून बसत आणि गोल फिरत फिरत दुकानास पेपर मोठ्याने वाचून दाखवीत, आणि मग बातमीत जे लिहिलेले नसे ते बसल्या गिऱ्हाइकांसच विचारीत. त्या खुर्चीतच तिच्या डोक्यात भरले की आपण बातमीदार व्हावे.

शाळा संपताच तिने भर जेवणात जाहीर केले की, संज्ञापन आणि पत्रकारितेची पदवी घेईन, दुसरे काही घेणार नाही. सर्व खात्यांत आपली ओळख आहे ऐसे सांगत फिरणारे काकासाहेब पंक्तीस होते, त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, हिशेबनिसाचा कोर्स काय वाईट आहे? तिथे माझ्या ओळखीचे आहेत!" मग आईसाहेबांनी, ज्यांच्या शब्दावर त्या घरात अपील नाही, ताटावरून न उठता हुकूम दिला तो येणेप्रमाणे: कॉलेज खिशास परवडणारे हवे आणि शिकवणेही धड हवे, दोन्ही एके ठिकाणी या आठवड्यात दाखवावे, न दाखविल्यास मुकाट हिशेबनिसाच्या कोर्सास जावे. चौकशीबाईंनी मान डोलाविली.

मग संस्थांच्या जाहिरातींचा जो मारा सुरू जाहला तो काय वर्णावा! फोन खाली ठेवावा तो दुसरा वाजे. प्रत्येक संस्थेचा क्रमांक पहिला. दुसऱ्या क्रमांकाची संस्था शोधूनही हाती लागेना. शेवटी काकासाहेबांनी मसलत दिली की काचेच्या इमारतीचे जे नवे कॉलेज निघाले आहे तेथे आपली आतपर्यंत ओळख आहे. आणि खाशी स्वारी तिकडे कूच करती जाहली. ओळख निघाली ती फाटकाशी गाड्या लावून घेणाऱ्या इसमाची. त्याने गाडी सावलीत लाविली, इतकी कुमक त्या ओळखीची पावली.

आत प्रवेश-सल्लागार बाई गोड हसून सामोऱ्या आल्या आणि थेट स्टुडिओत घेऊन गेल्या. तेथे निवेदकाच्या उंच खुर्चीत चौकशीबाईंस बसविले, हाती माइक दिला, मागे निळा पडदा, समोर भला थोरला कॅमेरा, आणि फोटो काढिला. बाबासाहेब बघतच राहिले. "आपली पोर... टीव्हीवरच्यासारखी दिसते हो!" ऐसे ते म्हणाले. चौकशीबाईंची नजर मात्र कॅमेऱ्याच्या वायरीमागे गेली, आणि वायर गालिच्याखाली शिरली, आणि गालिचा पायाने सारिता वायरीचे टोक मोकळेच पडलेले दिसले. "ही कुठे जोडलेली असते?" ऐसे पुसता बाई म्हणाल्या, "ते काम सुरू आहे." कधीपासून, ऐसे पुसता म्हणाल्या, "कॉफी घेणार ना?" बाहेर जिन्यात एक विद्यार्थी भेटला, त्यास विचारिले की तू आजवर कोणकोणत्या बातम्या केल्यास. तो बोलिला, "बातम्या? त्या पुढे शिकवतील म्हणे." तो अखेरच्या वर्षाचा होता.

परंतु बाबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी तो फोटो आरशावर चिकटविला आणि येणाऱ्या प्रत्येक डोक्यास तो दाखवू लागले, कात्री थांबवून दाखवू लागले. फीचा आकडा तर डोळे पांढरे करणारा. त्यावर बाबासाहेब इतकेच म्हणाले की, "मी बघतो." आता कौतुक पाहा! साऱ्या जगास फैलावर घेणारी ही मुलगी, पण बापाचा फुललेला चेहरा पाहोन तिला वायरीची गोष्ट सांगवेना. आणि तुम्ही बघता म्हणजे कसे बघता, हा पुढचा प्रश्न आयुष्यात प्रथमच तिने विचारिला नाही. तिने एवढाच अर्ज केला की आणखी एक कॉलेज फक्त पाहून येऊ.

ते दुसरे ठिकाण जुने, जिना अंधारा, पंखा कुरकुरणारा, बाके एकास एक न जुळणारी. फी मात्र आवाक्यातली. काकासाहेबांनी पाऊल ठेविताच नाक मुरडिले की येथे नळसुद्धा गळतो. तो भिंतीवर विद्यार्थ्यांचे साप्ताहिक चिकटविलेले होते, त्यात पहिलीच बातमी की नळ गळतो, आणि खाली प्राचार्यांचा खुलासा की, बघू. तितक्यात कानावर पेन्सिल खोचलेली एक विद्यार्थिनी आडवी आली आणि पुसू लागली, आपण कोण, कुठून, काय काम करता, हेच कॉलेज का पाहता? बाबासाहेब खुलले आणि दुकानाची समग्र हकीकत, दोघांच्या फोन नंबरांसकट, सांगते जाहले. काकासाहेब म्हणाले, "मला काही बोलायचं नाही." तिने तेही लिहून घेतले. चौकशीबाई त्या पोरीकडे ऐशा पाहत होत्या, की जणू हरवलेली बहीण सापडली.

तरी बाबासाहेबांचे मन काचेतच अडकलेले. प्रवेशाची मुदत संपावयाच्या आदल्या दिवशी चौकशीबाई डबा घेऊन दुकानी गेल्या आणि सवयीने लाल खुर्चीत बसल्या. पहिल्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी. बाकावर एक अनोळखी गृहस्थ उगाच बसलेला. इतक्यात फोन वाजला. बाबासाहेबांचे हात फेसाने भरलेले, सबब त्यांनी कोपराने स्पीकर लाविला, आणि सर्वांनी ऐकिले ते येणेप्रमाणे: "काका, मी कॉलेजातून बोलतेय, त्या दिवशी भेटले होते ना, ती. तुमच्यावर दोन ओळी छापतोय. मी दुकानात तीन खुर्च्या लिहिल्यात, पण आमच्या बाई म्हणाल्या, खात्री केल्याशिवाय छापायचं नाही. तर खुर्च्या नक्की किती?"

बाबासाहेबांची नजर लाल खुर्चीकडे गेली. वस्तरा हवेत, गिऱ्हाईक श्वास रोखून.

"काका? ऐकू येतंय ना?"

"आजच्या सांगू की उद्याच्या?" बाबासाहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"आज दोन आहेत. उद्या एक."

"का?"

फी कशी भरणार, हा चौकशीबाईंनी न विचारलेला प्रश्नही यातच होता. त्याचे उत्तर बाकावरच्या गृहस्थाने दिले, जो जुन्या सामानाचा व्यापारी निघाला. म्हणाला, "शेठ, संध्याकाळी टेम्पो आणतो. ताईंना उठवून ठेवा म्हणजे झालं."

तेव्हा चौकशीबाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरिले आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. "बाबा, त्या कॅमेऱ्याची वायर कुठेच जात नाही. नुसती गालिच्याखाली टाकलीय. मी पाहिलं होतं."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता! आणि तुम्ही खुर्चीचं का नाही बोललात?"

"तू किती खूश होतीस, असं मला वाटलं."

 बाबासाहेब पुन्हा फेस करण्यात गुंतले. मग फोनमधून हळूच आवाज आला, "काका... मी किती लिहू?"

"दोन लिही!" बाबासाहेब गरजले. "आणि उद्या परत विचारलंस तरी दोनच. आणि माझी मुलगी तुमच्याकडे येतेय, हेही लिही." व्यापारी रिकाम्या हाती माघारी गेला, आणि गिऱ्हाइकाची उर्वरित दाढी त्या दिवशी फुकट जाहली.

आईसाहेबांचे कानी वर्तमान जाताच त्यांनी निवाडा दिला की, जे कॉलेज खुर्च्या मोजायला फोन करते, ते पोरीला धड शिकवील. काकासाहेबांसही फोन आला होता की, आपण बोलण्यास नकार दिलात हे खरे का. त्यांनी त्यासही उत्तर देण्यास नकार दिला. सारांश, फी भरली, प्रवेश हस्तगत जाहला, परवडणारे आणि चांगले एकाच जिन्यावर सापडले, आणि आरशावरील फोटो उतरून तेथे दोन ओळींचे कात्रण लागले. मोहीम फत्ते जाहली.

सदर मजकूर हुजुरांस धाडण्यापूर्वी चौकशीबाईंनी तपासिला आणि एक दुरुस्ती फर्माविली की, डोळ्यांस पाणी आले ते एकटीच्या नव्हे, दोघांच्या. लेखकाने खात्रीकरिता बाबासाहेबांस फोन केला. ते म्हणाले, "साबण गेला होता डोळ्यात." तेही लिहिले आहे. खुर्च्या दोन; स्वतः जाऊन मोजल्या. अधिक काय लिहिणे, ते हुजुरांनी दुकानी येऊन विचारावे. लाल खुर्ची रिकामी ठेवितो.