आजारी उंदीर, खणखणीत रक्त

पोटात जंतुसंसर्ग झालेल्या आठ उंदरांच्या रक्तात प्राणवायू जेमतेम का होईना, पण पुरेसा होता. आणि ज्यांना काहीच झालेलं नव्हतं त्या आठांच्या रक्तात तो त्याहून कमी होता. यंत्राने असा कागद चौथ्यांदा बाहेर टाकला, तेव्हा चौकशीने तो उलटा धरूनही वाचून पाहिला.

तिला प्रयोगशाळेत सगळे चौकशीच म्हणत, कारण गळका नळसुद्धा ती का गळतो हे विचारल्याशिवाय बंद करत नसे. पोटातला संसर्ग अंगभर पसरला की फुफ्फुसं कशी बिघडतात, हा तिच्या पदवीचा विषय. पाच वर्षं त्यात गेली होती, गुरुवारी बाहेरचे परीक्षक येणार होते आणि हातात हे.

तिचे मार्गदर्शक सर मात्र खुशीत होते. "अगं, हा शोध आहे. आजारपणाने फुफ्फुसं कणखर होतात असं आजवर कुणी म्हटलंय का?"

"नाही ना. त्याचीच भीती वाटते, सर."

"भीती कसली त्यात? शीर्षक बदल."

शीर्षक बदललं, पण चैन पडेना. त्याच उंदरांच्या फुफ्फुसांचे पातळ काप लावलेल्या काचा घेऊन ती सूक्ष्मदर्शकवाल्या बाईंकडे गेली. बाईंनी आयुष्यात माणसांपेक्षा फुफ्फुसंच जास्त पाहिली होती.

"ही आजाऱ्यांची. सुजलीत, पाणी भरलंय. आणि ही कोरी करकरीत."

"पण रक्त उलटं सांगतंय, मॅडम."

"फुफ्फुस धड आणि प्राणवायू कमी, म्हणजे श्वासच कमी घेतला असणार. रक्त काढताना तू यांना भूल जास्त देतेस. हिशेब बघ आपला."

भूल वजनावर ठरे. चौकशीने सगळे गुणाकार पुन्हा केले. एकही चुकला नव्हता. वजनं मात्र प्राणिगृहातले मामा लिहून देत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काही काम नसताना तिथे जाऊन उभी राहिली.

मामांनी एक आजारी उंदीर अलगद उचलला, काट्याच्या ताटलीत ठेवला, आकडा लिहिला. मग पत्र्याचा डबा काढला, त्यात एक धडधाकट उंदीर कोंबला, झाकण लावलं, डबा काट्यावर ठेवला, आकडा लिहिला.

"मामा, डबा कशाला?"

"हा काय ताटलीत बसतोय होय? मागे एक जण माझ्या बाहीत शिरला, तो पाठीवर निघाला."

"आणि आजारी?"

"ते बिचारे पडून असतात. त्यांना कशाला कोंडायचं?"

"डब्याचं वजन वजा कोण करतं?"

मामांनी चष्मा वर सरकवला. "मला वाटलं, तुम्ही करता. शिकलेली माणसं तुम्ही."

रिकामा डबा नव्वद ग्रॅम भरला. अडीचशे ग्रॅमच्या जिवाला ती पाच महिने तीनशे चाळीस ग्रॅमची भूल देत होती. म्हणजे आजारी उंदीर जमेल तेवढा श्वास घेत होता आणि निरोगी गाढ घोरत होता, एवढाच तो जागतिक शोध.

"गुरुवारपर्यंत हे कुणाला बोलू नकोस," सर म्हणाले.

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी तर मुळीच नको."

गुरुवारी तिने सगळं सांगितलं. डबा टेबलावर ठेवूनच सांगितलं. सर खिडकीबाहेर कुणी ओळखीचं दिसतंय का ते पाहत होते. परीक्षक याच विषयातले नावाजलेले, आणि निम्मे विद्यार्थी परत पाठवणारे. त्यांनी डबा उचलला, झाकण उघडून आत पाहिलं.

"उंदीर बाहीत शिरतात, म्हणून?"

"हो. तुम्हाला कसं कळलं, सर?"

त्यांनी डबा खाली ठेवून शेरा लिहायला घेतला: प्रयोग नव्याने करावा, मुदत सहा महिने, बाकी काम समाधानकारक. सही केली आणि पेनाला टोपण लावता लावता हळू आवाजात विचारलं, "पुरेल एवढी मुदत?"

"पुरेल, सर."

"तुला पुरेल," ते म्हणाले. "आमच्याकडे डबा प्लास्टिकचा आहे, आणि शोधनिबंध छापून सहा वर्षं झालीत."